सौदी अरेबियाची 'निताकत' योजना

सौदी अरेबियातील खासगी क्षेत्र अनेक दशके परदेशी कामगारांवर चालत आले. सौदी तरुणांचा ओढा मात्र सरकारी नोकरीकडे. हे चित्र पालटण्यासाठी २०११मध्ये 'निताकत' योजना आली. 'निताकत' म्हणजे पट्टे. व्यवसाय आणि कामगारसंख्या पाहून प्रत्येक कंपनीला स्थानिकांचे किमान प्रमाण ठरवून दिले गेले आणि त्यानुसार लाल, पिवळा, हिरवा किंवा प्लॅटिनम पट्टा मिळू लागला. लाल पट्ट्यातील कंपनीला नवे व्हिसा बंद. शिवाय तिचे परदेशी कामगार मालकाची संमती न घेता हिरव्या पट्ट्यातील कंपनीत जाऊ शकत, आणि मालकांना खरा धाक याचाच होता.

नुसत्या सक्तीने भागणार नव्हते. मनुष्यबळ विकास निधी, म्हणजे 'हदफ', पगाराचा काही भाग उचलतो. 'तमहीर' योजनेत पदवीधरांना भत्ता घेऊन प्रत्यक्ष कामावर शिकता येते. २०१६मध्ये मोबाइल विक्री व दुरुस्तीची दुकाने पूर्णपणे सौदींसाठी राखली गेली, तेव्हा हँडसेट दुरुस्तीचे वर्गही सरकारनेच भरवले.

पळवाटाही निघाल्या. काही मालक सौदी नावे केवळ हजेरीपटावर ठेवत आणि घरबसल्या थोडा पगार देत. त्याला आळा म्हणून २०२१पासून दरमहा किमान ४,००० रियाल मिळवणाराच पूर्ण एक कर्मचारी धरला जाऊ लागला. कोकणातील ज्या घरांची चूल आखाती पगारावर पेटते, तिथेही या पट्ट्यांची झळ पोहोचते.