पागोळीचा हंडा आणि विमानतळ

मृगाच्या पहिल्या सरी कोसळू लागल्या की जाणती गृहिणी पागोळीखाली लगेच हंडा लावीत नाही. कौलांवर आठ महिने साचलेली धूळ, पाचोळा व पाखरांची घाण आधी धुऊन जाऊ द्यावी आणि मग पाणी भरावे, हा तिचा शिरस्ता. समुद्रकाठच्या विमानतळावरील पावसाच्या पाण्याचा प्रश्न समजून घ्यावयाचा तर आम्ही या हंड्यापासूनच आरंभ करू. कारण तेथील नियम नेमका उलट आहे. तेथे पहिले पाणी धरावयाचे आणि नंतरचे सोडावयाचे!

मुंबईचा विमानतळ डोळ्यांपुढे आणा. विहार व पवई तलावांच्या सांडव्याखाली उगम पावणारी मिठी नदी सुमारे १८ किलोमीटर वाहते. वाटेत ती विमानतळाच्या आवारातून, धावपट्टीखालून जाते आणि माहीमच्या खाडीत समुद्राला मिळते. खाडीच्या कडेला तिवरांचे रान आहे, कोळ्यांची वस्ती आहे. मिठीच्या मलिनतेचा सारा दोष विमानतळावर टाकणे अन्यायाचे होईल. तिच्यात मळ ओतणारे हात अनेक आहेत. परंतु प्रत्येकाने आपल्या वाट्याचा मळ ओळखलाच पाहिजे.

विमानतळाचा मळ कोणता? विमानाचे इंधन रॉकेलाच्या जातीचे. ते भरताना थोडे ठिबकते. यंत्रांतील तेल गळते. विमान टेकताना थांबलेली चाके एका क्षणात गरगरू लागतात व टायरचे रबर धावपट्टीला चिकटते. ब्रेक झिजून धातूंची पूड पडते. ऑक्टोबरच्या मध्यापासून मेअखेर मुंबईत पाऊस जवळजवळ नसतोच. एवढे दिवस साचलेले हे सारे जूनच्या पहिल्या सरींबरोबर एकदम निघते.

आता थोडे गणित करू. एक हेक्टर फरसबंदीवर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० हजार लिटर पाणी झाले. विमाने उभी राहतात त्या जागेपैकी १० हेक्टरांवरचा पहिला १० मिलिमीटर पाऊस धरावयाचा, तर १० लाख लिटरांची टाकी हवी. म्हणजे २० मीटर लांब, २० मीटर रुंद व अडीच मीटर खोल. हे माणसाच्या आवाक्यातले आहे. उलट, २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेवढ्याच जागेवर ते पाणी ९ कोटी ४४ लाख लिटर होते. ते कोण धरणार? म्हणून मळके पाणी टाकीत व मागाहून येणारे स्वच्छ पाणी नाल्यात, अशा दोन वाटा कराव्या लागतात.

टाकीतले पाणी संथ केले की गाळ तळाशी बसतो, तेल वर तरंगते आणि वरच्यावर काढता येते. मात्र फरशी साबणाने धुतली असेल तर तेलाचे बारीक कण पाण्यात विखुरतात व ही युक्ती फसते. आग विझविण्याच्या काही फेसांतील द्रव्ये तर पाण्यात विरघळूनच जातात व निसर्गात सहसा नाश पावत नाहीत. त्यांपैकी एका प्रमुख वर्गावर २००९ साली स्टॉकहोम करारान्वये आंतरराष्ट्रीय निर्बंध आले. तेव्हा असला फेस वाहू देण्यापूर्वीच अडविणे भाग आहे.

समुद्रकाठी आणखी एक अडचण असते. भरतीच्या वेळी नाल्याचे तोंड पाण्याखाली जाते. झडपेचे दार बसविले तर समुद्र आत येत नाही, पण आतले पाणीही तुंबते. नेमका त्याच वेळी जोराचा पाऊस आला तर पंप लावावे लागतात. उघडे तळे करावे म्हटले तर त्यावर बगळे जमतात, आणि पाखरे व विमाने यांचे जमत नाही. म्हणून टाकी झाकलेली हवी.

या साऱ्या खटाटोपाचा अर्थ काय? टाकी, झडप, पंप हे शेवटचे उपाय होत. ठिबकलेले तेल तेथल्या तेथे कोरड्या भुशाने टिपून घेतले आणि मृगापूर्वी फरशी नीट झाडून काढली, तर टाकीचे निम्मे काम आधीच झाले. खाडीतल्या कोळ्याच्या जाळ्यात जूनमध्ये काय वाहत येईल, हे मे महिन्यातल्या झाडूवर बरेचसे अवलंबून असते.