मर्दन
(मालिश). त्वचा व स्नायू यांवर घर्षण, दाब, मळणे, थोपटणे या हस्तक्रिया करण्याची पद्धती. तेल लावून केलेल्या मर्दनास आयुर्वेदात ‘अभ्यंग’ म्हणतात. वऱ्हाडात ती आखाड्यांतूनही रुजली, अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (स्था. १९१४) याच व्यायामपरंपरेतील होय. व्यावसायिक मर्दनकाराने प्रथम आजार, दुखापती व चालू औषधे विचारावीत आणि मर्दनाचा भाग तेवढाच उघडा ठेवावा. हातापायांवरील लांब हात हृदयाच्या दिशेने फिरवितात. कळ असह्य झाल्यास तत्काळ सांगावे. सोसणे हा मल्लाचा गुण येथे दोष ठरतो. दुसऱ्या दिवशी किंचित ठणका स्वाभाविक असतो. ज्वर व ताजा अस्थिभंग असता मर्दन वर्ज्य. एकच पोटरी एकाएकी सुजून दुखू लागल्यास ती कदापि चोळू नये. नीलेतील रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात अडकल्यास मृत्यू ओढवू शकतो.