रुसलेल्या रखुमाईकडे देव आला

वाचकहो, पंढरीला तुम्ही जाऊन आला असाल. विठोबाचे दर्शन झाले की मागच्या बाजूस रखुमाईचे वेगळे देऊळ लागते. नवराबायकोचे गाभारे दोन का, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. ती सांगतील की रखुमाई रुसून आली आहे. द्वारकेत राधेला कृष्णाच्या मांडीवर बसलेली पाहून ती दिंडीरवनात निघून गेली आणि तिला शोधत देव इथवर आला. जात्यावर बसून आपल्या आयाबायांनी हा रुसवा पिढ्यान्‌पिढ्या गायिला. विशेष हे की कथेत रखुमाई आपण होऊन परत जात नाही. ज्याच्यामुळे मन दुखावले, त्यालाच चालत यावे लागते.

हीच रुसलेली रखुमाई अलीकडे ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या नाट्यगृहांतूनही भेटली. प्राजक्त देशमुख यांचे ‘संगीत देवबाभळी’ हे नाटक 2017 साली व्यावसायिक रंगभूमीवर आले आणि त्याला 2020 चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. तुकोबांना शोधायला डोंगराकडे निघालेल्या गरोदर आवलीच्या पायात काटा मोडतो. तो विठ्ठल काढतो आणि तिची जखम भरेपर्यंत शुश्रूषेसाठी रखुमाईला तिच्या घरी धाडतो. रखुमाई लखूबाई म्हणून येते. मग दोघींचे बोलणे चालते. एकीचा नवरा देवाच्या नादी लागलेला, तर दुसरीचा नवरा खुद्द देव! चूल, धुणे, पाणी यांच्या मधून हे बोलणे पुढे जाते. दोनच बायका रंगमंचावर, पण आपल्याच ओसरीवरचे ऐकतो आहोत असे वाटते.

तुटलेले प्रेम पुन्हा जुळण्याच्या जुन्या कथा नव्याने सांगण्याची आपली ही रीत फार जुनी. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली पुण्यात ‘शाकुंतल’ मराठीत गाऊन दाखवले. पण कालिदासाचे मूळ नाटक तरी काय, महाभारतातली गोष्ट बदलून सांगितलेलीच. महाभारतात दुष्यंत शकुंतलेला ओळखूनही भर दरबारात नाकारतो. ती मुलाचा हात धरून राजाला खडे बोल सुनावते आणि आकाशवाणी झाल्यावरच तो कबूल होतो. कालिदासाने मध्ये दुर्वासाचा शाप आणि अंगठी घातली. राजा बिचारा विसरला! आम्हांला विचाराल तर या शापाने राजाची सुटका फार स्वस्तात झाली. मात्र शेवटी तो तिच्या पायांवर डोके ठेवतो, हे कालिदासाने चांगले केले. आणि अंगठी सापडते ती एका कोळ्याला, माशाच्या पोटात. शिपाई आधी त्यालाच चोर ठरवून मारहाण करतात. खाडीकाठच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही.

नळ-दमयंतीची कथा याहून कसदार. जुगारात राज्य घालवून नळ बायकोला रानात झोपलेली टाकून गेला. जाताना तिच्या अंगावरचे अर्धे वस्त्रही फाडून नेले. पण दमयंती रडत बसली नाही. दुसऱ्या स्वयंवराची हूल उठवून तिने त्याला सारथ्याच्या वेषात विदर्भात आणवले. लगेच गळ्यात पडली का? नाही. दासी पाठवून पारख केली, त्याच्या हातचे अन्न चाखले, मुलांना त्याच्यापुढे धाडले. मग समोर उभे करून विचारले, निरपराध बायकोला रानात टाकणारा पुरुष कोणता?

आपल्याकडे लेक माहेरी येऊन बसली की चार माणसांची बैठक होते आणि दोन तासांत तिला गाडीत बसवून दिले जाते. तुझे म्हणणे काय, हे तिला कितीदा विचारले जाते? दमयंतीइतकी चौकशी तर आपण बैल घेतानाही करतो.

जानेवारी 2025 मध्ये खाडिलकरांचे 1911 चे ‘मानापमान’ही चित्रपटरूपाने आले. गरीब म्हणून झिडकारलेल्या शिपायाला भामिनी वेष पालटून पुन्हा पारखते. तो विनोदाचा मामला, पण पारख तिथेही बाईचीच.

शहापूर-मुरबाडच्या वाचकांनी एखादे असे नाटक जोडीने पाहावे. कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर पश्चिमेला आहे. ठाण्याचे गडकरी रंगायतन मासुंदा तळ्याकाठी, तेही स्टेशनपासून लांब नाही. डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर मात्र स्टेशनपासून जरा आत, तिथे रिक्षा करावी. वर्तमानपत्रात वेळ पाहून दुपारचा प्रयोग धरा, म्हणजे परतीची कसारा गाडी किंवा मुरबाडची एसटी चुकणार नाही. आणि सासूबाईंनाही बरोबर न्या; रखुमाईच्या ओव्या त्यांना तुमच्याहून अधिक येत असतील.