शब्द टाकणारा माणूस

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा माझे वडील नुकते विशीत आले होते. दरबारात तबला वाजवण्याची त्यांची चाकरी जेमतेम दोन वर्षांची. बोटांत विद्या होती, पण घरात दाणा नव्हता. अखेर दांडिया बाजारातल्या एका वकीलसाहेबांनी दोन-तीन घरी शब्द टाकला आणि शिकवण्या मिळाल्या. मी वडिलांच्या उतारवयातला मुलगा. ही हकीकत ऐकतच वाढलो. तरी ती माझ्या उपयोगी पडायला फार उशीर झाला.

आठ वर्षे माझ्याकडे गाणे शिकलेला एक विद्यार्थी मध्यंतरी दिसेनासा झाला. वर्षभराने एके संध्याकाळी वर्गाच्या दारात साडी नेसलेली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, मी आले." आवाज ओळखीचा, क्रियापद मात्र नवे. मी सवयीने "ये रे" म्हणून गेलो आणि जीभ चावली. "अगं" तोंडात बसायला मला महिना लागला. तोडीचा कोमल गंधार लावायला तिला याहून कमी दिवस लागले होते!

घरच्यांनी तिला बाहेर काढले होते. संगीत विशारद पहिल्या वर्गात झालेली; म्हणून एका शाळेत संगीतशिक्षकाच्या जागेसाठी गेली. गाणे ऐकून मंडळींनी माना डोलावल्या. मग प्रमाणपत्र पाहिले. कागदावर मुलाचे नाव, समोर मुलगी. "कळवू" म्हणाले, कळवले नाही. त्या शाळेच्या चालकांशी माझा घरोबा आहे. एक फोन करता आला असता. मी केला नाही. आपल्या वर्गाला येणाऱ्या मुलांचे आईबाप काय म्हणतील, ही धास्ती. लिहिताना संकोच वाटतो, पण घडले ते असे.

तृतीयपंथी व्यक्तीला नोकरीत भेदभावाने वागवू नये, असा कायदा २०१९ साली झाला. जिल्हाधिकाऱ्याच्या दाखल्यावरून शैक्षणिक कागदांवरचे नाव बदलण्याची सोय २०२० च्या नियमांत झाली. तरीही जेन कौशिक या शिक्षिकेला, उत्तर प्रदेशात आणि आपल्या गुजरातेत शाळांनी दार बंद केल्यावर, थेट सर्वोच्च न्यायालय गाठावे लागले. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी न्यायालयाने भरपाई देवविली आणि समान संधीचे धोरण आखण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती आशा मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समलिंगी तरुण-तरुणींचे दुखणे निराळे. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने त्यांच्यावरचा गुन्हेगारीचा शिक्का पुसला. पण खासगी नोकरीतले संरक्षण त्यातून आले नाही. ते बिचारे गप्प राहून नोकरी टिकवतात.

आपल्या बडोद्यानेही काही केले आहे. राजपीपळ्याचे मानवेंद्रसिंह गोहिल ज्याच्या संस्थापकांपैकी एक, त्या लक्ष्य ट्रस्टच्या सहकार्याने 'गरिमा गृह' हा निवारा २५ नोव्हेंबर २०२० रोजी येथे सुरू झाला. केंद्र सरकारच्या योजनेत निवारा, जेवण, औषधपाणी आणि धंदेशिक्षण या गोष्टी एकाच छपराखाली धरल्या होत्या. छप्पर आधी, हे मला फार शहाणपणाचे वाटते. कोची मेट्रोने २०१७ साली २३ तृतीयपंथीयांना कामावर घेतले, तेव्हा सर्वत्र कौतुक झाले. पण काहींनी थोड्याच दिवसांत काम सोडले, कारण त्यांना कोणी खोली भाड्याने देईना. पगाराचे पाकीट हातात, आणि रात्री पाठ टेकायची कुठे?

आमच्या मुलीचे कागद यथावकाश नव्या नावाने झाले. त्या शाळेतली जागा तोवर भरली होती. मी चालकांना पत्र लिहिले, "ही माझी शिष्या आहे; पुढे जागा निघाल्यास हिचे गाणे पुन्हा ऐकावे." उत्तर अजून नाही.

दरम्यान माझा शनिवारचा प्रारंभिक वर्ग मी तिच्याकडे सोपवला आहे, फी तिची. पहिल्याच आठवड्यात दोन पालकांनी मुले काढून घेतली. एका आजीबाईंनी मात्र नातवाला आणून बसवले आणि स्वतःही मागे भिंतीला टेकून बसल्या. आता नऊ मुले आहेत. सध्या भूप चालू आहे.