दुर्बीण आणि महाकाव्य

पृथ्वी विश्वाच्या मध्यभागी स्थिर असून सूर्य, चंद्र व तारे तिच्याभोवती फिरतात, असे युरोपातील लोक शतकानुशतके मानीत आले होते. आकाशस्थ गोल निर्दोष व अविकारी आहेत, अशीही त्यांची श्रद्धा होती. कवींच्या कल्पना याच विश्वचित्रावर उभ्या होत्या.

पृथ्वीच सूर्याभोवती फिरते, असे १५४३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात कोपर्निकसने प्रतिपादन केले. पुढे १६०९ साली गॅलिलिओने दुर्बीण आकाशाकडे वळविली. निष्कलंक मानलेल्या चंद्रावर त्याला डोंगर व दऱ्या दिसल्या. गुरूभोवती फिरणारे चार उपग्रहही त्याला आढळले. परंतु पृथ्वी फिरते या मताचा पुरस्कार केल्याबद्दल रोमच्या धर्मन्यायालयाने १६३३ मध्ये त्याला दोषी ठरविले. त्याचे उर्वरित आयुष्य स्थानबद्धतेत गेले. अखेरीस त्याची दृष्टीही गेली.

जॉन मिल्टन हा तरुण इंग्रज कवी १६३८ साली इटलीच्या प्रवासास निघाला. फ्लॉरेन्स नगरीत असताना आपण या वृद्ध बंदिवानाची भेट घेतली, असे त्याने पुढे लिहून ठेवले आहे. छपाईपूर्वी ग्रंथांना सरकारी परवाना घेण्याची सक्ती इंग्लंडमध्ये झाली, तेव्हा १६४४ साली तिचा निषेध करताना त्याने गॅलिलिओचेच उदाहरण दिले. विचारांवर बंधने घातली की विद्येचे तेज मावळते, हे तो इटलीत पाहून आला होता.

१६५२ च्या सुमारास मिल्टनही पूर्णपणे अंध झाला. 'पॅरडाइज लॉस्ट' हे महाकाव्य त्याने इतरांकडून लिहवून घेतले. ते १६६७ साली प्रसिद्ध झाले. त्यात सैतानाच्या प्रचंड ढालीला त्याने दुर्बिणीतून दिसणाऱ्या चंद्राची उपमा दिली आहे. पुराणकथेच्या काव्यात त्याने नाव घेऊन उल्लेखिलेला समकालीन पुरुष एकच, तो म्हणजे गॅलिलिओ.

याच काव्यात आदिमानव आदाम देवदूताला ग्रहगोलांच्या गतीविषयी विचारतो. देवदूत जुनी व नवी अशी दोन्ही मते सांगतो, पण निर्णय देत नाही. मानवाने आपल्या जीवनाकडे आधी लक्ष द्यावे, असा उपदेश तो करतो. पुढे १६८७ साली न्यूटनने गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने ग्रहांच्या गतीची उपपत्ती मांडली. कवीचे काम निराळे होते. जुने आकाश ढळत असताना मानवाच्या मनात उठलेले कुतूहल आणि संभ्रम ही दोन्ही त्याने आपल्या काव्यात जपून ठेवली.