वडिलार्जित रुप्याचें पदक आणि जमिनीचा वाद

शेतकऱ्याच्या घरीं जमिनीच्या कागदांचें एक गाठोडें असतें, आणि त्या गाठोड्याच्या तळाशीं पुष्कळदां अशी एखादी वस्तु असते कीं, तिचा अर्थ घरांतील कोणासच सांगतां येत नाहीं. एखादा शिक्का, एखादें नाणें, एखादा बिल्ला. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां अशा वस्तु घेऊन कचेरीच्या पायऱ्या चढणारीं पुष्कळ माणसें आम्हीं पाहिलीं. ‘हें पेशव्यांनीं दिलेलें आहे, त्या अर्थीं जमीन आमची,’ असें त्यांचें म्हणणें असे. आम्ही त्यांस समजुतीच्या चार गोष्टी सांगून वाटेस लावीत असूं. सेवानिवृत्त झाल्यावर तीच वेळ आमच्या घरीं आली, आणि दुसऱ्यास सांगितलेलें शहाणपण स्वतःच्या घरीं किती जड जातें तें कळलें. त्यांतून जें शिकलों तें शेतकरी बंधूंच्या उपयोगीं पडेल म्हणून येथें देत आहों.

आमचें बिऱ्हाड पुण्यास नारायण पेठेंत, नदीच्या अंगास आहे. मूळ गांव हवेली तालुक्यांत असून तेथें वडिलार्जित जमीन व जुनें घर आहे. घरांत पिढ्यान्‌पिढ्या ‘पेशव्यांचा बिल्ला’ म्हणून रुप्याचें एक पदक चालत आलें आहे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्यापाठोपाठ खडकवासल्याचें गेलें, आणि नदीकांठच्या पेठा पाण्याखालीं आल्या. त्या दिवशीं आमच्या वाड्यांतील कागदांची पेटी गेली. पदक मात्र चार दिवसांनीं चिखलांत सांपडलें. कागद गेले आणि पदक राहिलें; त्यामुळें पुढें ज्यानें जें सांगितलें तेंच घरांत खरें ठरलें.

वाद निघाला तो असा. गांवच्या जमिनींतील दोन एकरांचा एक तुकडा पूर्वीं कुळाकडे होता. १ एप्रिल १९५७ रोजीं, म्हणजे कृषकदिनीं, तो कुळकायद्यानें कुळाच्या मालकीचा झाला. कलम ३२ ग प्रमाणें किंमत ठरली, ती त्यांनीं भरली, ३२ म चें प्रमाणपत्र मिळालें आणि फेरफार मंजूर झाला. आज त्या घरची तिसरी पिढी तेथें ऊंस करते. अलीकडे जवळून रस्ता गेल्यानें जमिनीचा भाव चढला, आणि आमच्या चुलत बंधूंच्या मनांत आलें कीं, तो तुकडा परत मिळवावा.

ते पदक घेऊन आमच्याकडे आले व म्हणाले, “दादा, ही जमीन पेशव्यांनीं आपल्या पूर्वजांस इनाम दिली, आणि तिच्याबरोबर हें दिलें. यावर फारशी अक्षरें आहेत. जमीन इनामी होती, तर कुळाचा हक्क फिरून तपासायला नको का? वकील म्हणतात, पुरावा आणा.”

जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्यानेंही पदक पेशवेकालीन असल्याचें सांगून त्यांच्या समजुतीस बळकटी आणली होती. आम्हीं एवढेंच म्हटलें, “बाळासाहेब, आधीं वस्तु काय आहे तें पाहूं. जमिनीचें मागाहून पाहूं.” ते चिंच लावून पदक घांसण्याच्या बेतांत होते, तें आम्हीं हातांतून काढून घेतलें. जुनें रुपें घांसल्यानें कडेवरचीं बारीक अक्षरें झिजतात, आणि पुष्कळदां सारा उलगडा तेवढ्याच अक्षरांत असतो. कोमट पाणी आणि मऊ फडकें यांपलीकडे कांहीं लावूं नये.

पदकाचा व्यास दीड इंच, वजन सुमारें अडीच तोळे. सोनारानें कसास लावून रुपें उत्तम असल्याचें सांगितलें. एका बाजूस फुलांच्या वेढ्यांत मुकुट घातलेलीं एक पुरुष व एक स्त्री, दोघांचीं तोंडें डावीकडे. दुसऱ्या बाजूस केवळ फारशी मजकूर. कडेवर नांव नाहीं, आंकडा नाहीं. कडीला गडद निळ्या फितीचा कुजका तुकडा चिकटून राहिला होता, त्यांत मध्यें लाल रेघेचा मागमूस दिसे.

फारशी अक्षरें दिसलीं कीं पेशवाई, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. त्याचें कारणही आहे. पुण्याच्या अंकुशी रुपयावरसुद्धां दिल्लीच्या बादशहाच्या नांवाचीं फारशी अक्षरें असत. परंतु इंग्रजांनींही आपल्या पदकांवर फारशी घातली, हें थोड्यांस ठाऊक असतें. ईस्ट इंडिया कंपनीनें १७८४ सालीं काढलेलें ‘दख्खन पदक’ हें तिचें पहिलें पदक समजतात. मराठ्यांशीं झालेल्या पहिल्या युद्धांत जनरल गॉडर्डबरोबर बंगालहून इकडे आलेल्या शिपायांस तें मिळालें. त्यावर ब्रिटानिया देवी किल्ल्याकडे हार धरून बसली आहे, आणि मागें फारशींत हिजरी ११९९ हें साल आहे. तसलें पदक एखाद्या घरीं निघालें, तर तें पेशव्यांच्या बाजूचें नसून त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्याचें ठरेल! टिपू सुलतानाच्या पाडावानंतर काढलेल्या १७९९ च्या श्रीरंगपट्टण पदकावर सिंह वाघास लोळवीत आहे. तेंही फारशीशिवाय नाहीं. आमच्या पदकावर देवी नाहीं, वाघ नाहीं. मुकुट घातलेलें जोडपें मात्र आहे. आणि पेशव्यांनीं कोणा राजाराणीचे मुखवटे पदकावर कोरविल्याचें कोणीं ऐकिलें आहे?

सदाशिव पेठेंतील भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० सालीं स्थापन झालें. तेथें नेहमीं जाणारे एक वृद्ध, फारशी जाणणारे गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. त्यांनीं भिंगाखालीं पदक धरलें, दोन मिनिटें पाहिलें आणि हंसून मजकुराचा अर्थ सांगितला: हिंदुस्थानचा सम्राट, ब्रिटिश मुलखांचा धनी, पांचवा जॉर्ज याचा दरबार. म्हणजे हें १९११ च्या दिल्ली दरबाराचें पदक. त्याच वर्षींच्या राज्यारोहणाच्या पदकावर तेंच राजाराणीचें चित्र आहे, परंतु त्याच्या मागें २२ जून १९११ ही तारीख असते, फारशी नसते. १९०३ च्या दरबारपदकावर सातवा एडवर्ड एकटाच आहे. कंपनी सरकारनें १८३७ नंतर आपल्या कचेऱ्यांतून फारशी उठविली होती. तरी दिल्लीस बादशहाप्रमाणें बसावयाचें म्हटल्यावर बादशाही भाषा पुन्हां बाहेर काढली, असें त्यांचें म्हणणें पडलें.

तो दरबार १२ डिसेंबर १९११ रोजीं भरला. बंगालची फाळणी रद्द झाल्याचें आणि राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस नेण्याचें त्याच दिवशीं जाहीर झालें. निवडक मोठ्या लोकांस सोन्याचीं आणि इतरांस रुप्याचीं पदकें देण्यांत आलीं. दरबारास हजर नसलेल्या सरकारी नोकरांसही देशभर तीं मिळालीं. पदकांवर घेणाऱ्याचें नांव कोरीत नसत. म्हणून आमच्या पदकाची कड कोरी!

मग घरांत त्याचें ‘पेशव्यांचा बिल्ला’ असें नांव कां पडलें? आमच्या आत्याबाई आज ऐंशीच्या पुढें आहेत. त्यांस विचारलें. त्या प्रथम बोलेनात, मग म्हणाल्या, “बाळ, आमची आजी सांगायची, हें बाहेर कुणाला दाखवायचें नाहीं. विचारलेंच, तर पेशव्यांचें म्हणून सांगायचें.”

आमचे पणजोबा त्या वेळीं मामलेदार कचेरींत अव्वल कारकून होते. त्यांचा वाडा नारायण पेठेंत, आणि ‘केसरी’चा गायकवाड वाडाही त्याच पेठेंत. लोकमान्यांस २२ जुलै १९०८ रोजीं सहा वर्षांची शिक्षा झाली होती. १९११ च्या डिसेंबरांत ते मंडालेच्या तुरुंगांत होते, व जून १९१४ पर्यंत पुण्यास परत यावयाचे नव्हते. अशा पेठेंत, अशा दिवसांत, बादशहाच्या दरबाराचें पदक छातीवर लावून रस्त्यानें कोण चालेल? नोकरीमुळें नाकारतां आलें नसावें आणि शेजारामुळें मिरवितां आलें नसावें. तें पेटीच्या तळाशीं गेलें, आणि दुसरें नांव घेऊन वर आलें.

एवढ्यानें बंधूंचें समाधान झालें नाहीं. “पदक दुसरें असेल, पण जमीन इनामीच,” असें ते म्हणूं लागले. तेव्हां आम्ही दोघे गांवीं गेलों. तेथील माळ्यावर पणजोबांच्या मोडी रोजकीर्दी आहेत. पुराचें पाणी त्यांच्यापर्यंत पोंचलें नव्हतें. १९१२ च्या आरंभींच्या एका पानावर ‘दरबारचा चांद १, रुप्याचा, कचेरींतून’ अशी ओळ सांपडली. पूर्वीं पदकास चांद म्हणत. त्याच पानावर चार ओळी खालीं ‘केसरीची वर्गणी’ खर्चीं पडली आहे. बंधूंनीं ती ओळ आमच्याकडून दोनदां वाचवून घेतली.

त्याहून जुन्या रोजकीर्दींत, शके १८२० मध्यें, वादाच्या त्याच तुकड्याची खरेदी निघाली. रक्कम रोख दिलेली, चतुःसीमा लिहिलेल्या. दस्ताची नक्कल नोंदणी कचेरींतून मिळाली. म्हणजे जमीन इनाम नव्हती. पणजोबांनीं पैसे देऊन विकत घेतलेली होती. पुढें ती कुळानें कसली व कायद्याप्रमाणें किंमत भरून घेतली. दोन्ही व्यवहार सारखेच चोख आहेत. बंधु घरीं येईपर्यंत कांहीं बोलले नाहींत. दुसरे दिवशीं त्यांनीं वकिलाकडील कागद परत आणले.

इनामाविषयीं येथें दोन शब्द लिहिणें जरूर आहे. इनाम सिद्ध होतें तें सनदेनें, इनामपत्रकांतील नोंदीनें व गांवच्या जुन्या दप्तरानें. १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वयें इनाम कमिशननें मुंबई इलाख्यांतील इनामांची चौकशी केली. तिचे कागद व पेशवे दफ्तर पुण्याच्या पुराभिलेखागारांत पाहावयास मिळतात. स्वातंत्र्यानंतर परगणे व कुळकर्णी वतनें १९५० च्या आणि व्यक्तिगत इनामें १९५२ च्या कायद्यानें संपलीं. पदक, शिक्का, तरवार वा पागोटें यांवरून मान सिद्ध होईल; बांध सिद्ध होत नाहीं.

आतां ज्यांच्या घरीं असें पदक असेल त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडील पुष्कळ घरांतून पहिल्या महायुद्धाचीं पदकें आहेत. रुप्याच्या युद्धपदकावर एका बाजूस पांचवा जॉर्ज असून लॅटिन अक्षरें आहेत. जॉर्जच्या नांवांत ‘यू’च्या जागीं ‘व्ही’ कोरलेला असल्यानें इंग्रजी जाणणाराही अडखळतो. दुसऱ्या बाजूस घोडेस्वार व १९१४, १९१८ हीं सालें. येथें चित्रापेक्षां कड महत्त्वाची. भिंगानें कड पाहावी: शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नांव व पलटण तीवर ठोकलेली असते. ११० वी मराठा लाइट इन्फंट्री किंवा ११७ वी मराठा अशी पलटण निघाली, तर तो शिपाई मेसापोटेमियांत कूत-अल-अमाराच्या वेढ्यांत असण्याचा संभव आहे. तो वेढा डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत चालला, आणि या दोन्ही पलटणी त्यांत होत्या. त्याच्या जोडीचें पंख असलेल्या देवीचें पिवळें पदक पुष्कळ लोक सोन्याचें समजतात. तें कांशाचें आहे. दुसऱ्या महायुद्धाचीं आपल्याकडील पांढरीं पदकें रुप्याचीं नसून तांबें व निकल यांच्या मिश्रणाचीं आहेत. मोडींत घातलीं तर हातीं कांहीं लागत नाहीं, आणि आजोबांचें नांव तेवढें वितळतें.

नांगरतांना जमिनींत सांपडलेल्या वस्तूची गोष्ट निराळी. १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्याप्रमाणें जमिनींत दडलेलें, दहा रुपयांहून अधिक किंमतीचें धन सांपडल्यास कलेक्टरास लेखी कळवावें लागतें. लपविणारा आपला वाटाही घालवितो आणि शिक्षेसही पात्र होतो. तसेंच शंभर वर्षांवरील ऐतिहासिक वस्तु १९७२ च्या पुरावस्तु कायद्यान्वयें खासगी माणसास परदेशीं पाठवितां येत नाहीं. व्यापाऱ्याच्या बोलण्यास भुलण्यापूर्वीं हें ध्यानांत असावें.

आमच्या पदकाचे तीन वाटे करावे, म्हणजे मोडून रुपें वांटून घ्यावें, अशीही सूचना घरांत निघाली होती. ती बंधूंनींच मोडून काढली. पदक सध्यां आत्याबाईंजवळ आहे. त्याच्या डबींत आम्हीं एक कागद ठेविला आहे: पदक कोणतें, कोणास मिळालें, केव्हां, रोजकीर्दीचें कोणतें पान, आणि पेशव्यांचें कां म्हणत. खालीं आम्हां दोघांच्या सह्या आहेत. प्रत्येक शेतकरी बंधूनें आपल्या घरांतील जुन्या वस्तूजवळ असा एक कागद आज लिहून ठेवावा. सांगणारीं माणसें आहेत तोंवरच हें काम होण्यासारखें आहे.