नोटेचा नंबर जुळला, माणसाचं काय?

सुरतच्या हिरेबाजारात आंगडियाकडून, म्हणजे रोकड पोहोचवणाऱ्या खासगी कुरिअरकडून, पैसे उचलायची एक जुनी रीत आहे. ठरलेल्या नोटेचा नंबर जुळला की रक्कम हातात. ज्याच्याकडे नोट, त्याचे पैसे.

‘गूगलने लॉग-इन करा’ हे बटण याच तत्त्वावर चालते. पासवर्ड गूगल तपासते आणि संकेतस्थळाला फक्त टोकन मिळते. या बटणामागच्या, २०१२ साली प्रमाणित झालेल्या ओऑथ २.० या पद्धतीत हे टोकन बहुधा नोटेसारखेच असते: जो आणेल त्याचे. शिवाय ओऑथ मुळात परवानगी देण्यासाठी आहे, ओळख पटवण्यासाठी नाही. म्हणून २०१४ मध्ये ओपनआयडी कनेक्ट आले. त्यात टोकन कोणी दिले, कोणाबद्दल, कोणत्या संकेतस्थळासाठी आणि किती मुदतीचे, हे सारे लिहून त्यावर डिजिटल सही केलेली असते.

पण खरी सहीसुद्धा चुकीच्या माणसाला मिळू शकते. एप्रिल २०२० मध्ये भावुक जैन या भारतीय संशोधकाला ॲपलच्या लॉग-इन सेवेत नेमके हेच सापडले. कुणाचाही ईमेल पत्ता पुढे केला की ॲपल त्या नावाचे, अस्सल सहीचे टोकन देत होते! मागणारा त्या पत्त्याचा मालक आहे का, हे पाहायचेच राहून गेले होते. ॲपलने त्यांना एक लाख डॉलरचे बक्षीस दिले.

त्याच वर्षी मे महिन्यात डिजिलॉकर या कागदपत्रे ठेवण्याच्या सरकारी सेवेतही असाच दोष दुरुस्त झाला. ओटीपी एका खात्याचा देऊन मधल्या पायरीत फेरफार केला की दुसऱ्याच खात्यात शिरता येत होते. ओटीपी बरोबर होता, पण तो कोणाचा, हे पुढच्या पायरीला ठाऊक नव्हते. तेव्हा डिजिलॉकरची सुमारे ३.८ कोटी खाती होती. माहिती बाहेर गेली नाही, असे डिजिलॉकरने सांगितले.

सुरतमधल्या उधना-लिंबायतच्या खानदेशी घरांत दहावीची गुणपत्रिका जळगाव-धुळ्याकडची आणि वाहन परवाना गुजरातचा, असे सहज आढळते. अशा घरांना डिजिलॉकर सोयीचेच. जुलै २०२२ मध्ये गांधीनगरला ‘मेरी पहचान’ ही सामाईक लॉग-इन सेवा सुरू झाल्यापासून तर डिजिलॉकरचे खाते इतर सरकारी सेवांचीही दारे उघडते. त्यामुळे अशी चूक पुन्हा झाली, तर ती एका सेवेपुरती राहणार नाही.

वापरणाऱ्यांनाही एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. सायबर कॅफेत अशा लॉग-इनने एखाद्या सेवेचा फॉर्म भरून त्या सेवेतून लॉग-आउट केले, तरी ओळख देणाऱ्या मूळ खात्याचे लॉग-इन बऱ्याचदा चालूच राहते. मागून येणाऱ्याला मग पासवर्ड लागत नाही. तिथूनही वेगळे लॉग-आउट करावे लागते.